रिकाम्या पोटाला हारतुरे

उपाशीपोटी धावून जिंकलेल्या पोराची बातमी आपल्याला फार आवडते. बाप मजूर, घर कुडाचं, बूट फाटके आणि पोटात सकाळपासून काही नाही, इतकं जुळून आलं की आपला ऊर भरून येतो. तो फोटो आपण दहा जणांना पाठवतो, खाली 'जिद्द असावी तर अशी' लिहितो आणि गावात सत्कार ठेवतो. शाल देतो, श्रीफळ देतो. ते पोर उपाशी का होतं, हे व्यासपीठावरचा एकही पाहुणा विचारत नाही. हातात दिलेला नारळ तिथेच फोडून त्याला खोबरं खायला द्यावं, एवढंही आपल्याला सुचत नाही.

मी निंबोल्याच्या रस्त्याबद्दल बोलतोय. बुऱ्हाणपूरहून असीरगडाकडे निघालं की इंदूर-इच्छापूर रस्त्यावर हे गाव लागतं. केळीच्या बागांचा मुलूख, पलीकडे सातपुड्याची काळी रेघ. पहाटे पाचला तिथे उभं राहिलं की आधी बुटांची धपधप ऐकू येते, मग अंधारातून पोरं दिसू लागतात. सतरा-अठरापासून बावीस-तेवीसपर्यंतची. घरात कुणी मराठी बोलतं, कुणी निमाडी, कुणी कोरकू. रस्त्यावर सगळ्यांची भाषा एकच, टायमिंगची. "सोळाशे किती आलं?" "पाच पन्नास." "म्हणजे अजून वीस सेकंद काढायचेत."

त्या वीस सेकंदांवर घरदार डोळे लावून बसलेलं असतं. अग्निपथ योजना 14 जून 2022 ला जाहीर झाली. तिच्या सैन्यभरतीत 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत मारलं तर दौडीचे पैकीच्या पैकी 60 गुण. मध्य प्रदेश पोलिसांना 800 मीटर लागतं, केंद्रीय दलांच्या शिपाईभरतीला 24 मिनिटांत 5 किलोमीटर. सीमेपलीकडे रावेर-मुक्ताईनगरची पोरं महाराष्ट्र पोलिसांच्या 1600 मीटरसाठी अशीच धावतात. निंबोल्यात पोलीस ठाणं आहे, तिथल्या खाकीकडे बघतच ही पोरं मोठी झाली. शेतीचे तुकडे झाले, बुऱ्हाणपूरचे यंत्रमाग कधी चालतात कधी थांबतात, नेपानगरच्या कागद कारखान्यात आजोबाला लागली तशी नोकरी नातवाला लागत नाही. उरतो तो हा रस्ता.

त्यांना मी दर वेळी तेच विचारतो.

"काय खाऊन आलास रे?"

"काही नाही गुरुजी. रनिंग आहे ना."

"पाणी?"

"पाणी प्यायलं की पोटात खळखळतं."

"बरं, रात्री काय जेवलास?"

इथे पोरं बुटाच्या नाडीकडे बघतात. भाकरी आणि ठेचा. नाहीतर भाजीचा नुसता रस्सा. डाळ शिजली असेल तर डाळ. संध्याकाळी सातला जेवून झोपलेलं पोट पहाटे पाचला धावायला उभं राहतं, म्हणजे दहा तासांचा उपास आधीच घडलेला. धावून घरी गेल्यावर चहा आणि दोन टोस्ट. मग आठला केळीच्या कापणीवर, घड खांद्यावर वाहायला. दुपारी डबा. संध्याकाळी पुन्हा मैदान. या दिनक्रमाला आपण तपश्चर्या म्हणतो. आपल्याकडे उपाशी माणसाला दोनच नावं आहेत, भिकारी किंवा तपस्वी, आणि तो धावत असला की आपण दुसरं नाव देऊन मोकळे होतो.

शरीराचं म्हणणं काय आहे तेही ऐकावं. धावण्याचं सरपण दोन जागी साठतं. मोठ्या माणसाच्या स्नायूंत साधारण चारशे-पाचशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात असते, यकृतात शंभरेक ग्रॅम. झोपेतही मेंदूला साखर लागतेच, ती यकृत पुरवतं, त्यामुळे सकाळी यकृताची कोठी बरीच रिती झालेली असते. स्नायूंतला साठा मात्र रात्रीत फारसा हलत नाही. तो आदल्या दिवशीच्या जेवणाने भरलेला असतो, किंवा भरलेला नसतो. म्हणून रात्री पोटभर जेवलेल्या माणसाने सकाळी अर्धा तास रिकाम्या पोटी सावकाश धावलं तर काही आकाश कोसळत नाही. शहरांत तसं धावणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या रिकाम्या पोटाला छान इंग्रजी नावही आहे, आणि घरी परतल्यावर टेबलावर अंडी, दूध, फळं मांडलेली असतात. निंबोल्याच्या पोराचं रिकामं पोट निराळं. ते काल अर्धं भरलं होतं, परवाही अर्धंच.

आणि सोळाशे मीटरचा खेळ तर साडेपाच मिनिटांचा. तेवढ्यासाठी सकाळच्या एका केळ्याने फार बिघडत किंवा सुधारत नाही. ती साडेपाच मिनिटं घडतात सहा महिन्यांच्या ताटातून. पिंडऱ्यांचं मांस, रक्तातलं लोह, हाडांतला चुना हे सगळं ताटातून येतं, छातीठोक भाषणांतून येत नाही. अकॅडमीवाले सर सहा महिन्यांचं रनिंगचं वेळापत्रक देतात: सोमवारी लांब, मंगळवारी स्पीड, बुधवारी चढ. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला जेवणाचं वेळापत्रक लिहिलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही.

लिहायला काही विद्वान लागत नाही. निघायच्या तास-पाऊण तास आधी एक केळं, नाहीतर अर्धी पोळी आणि गुळाचा खडा. भरपेट जेवण झालं असेल तर तीन तास मध्ये जाऊ द्यावेत. एवढ्या पहाटे घशाखाली काही उतरत नसेल तर रात्रीचं जेवण वाढवावं आणि परतल्यावर लगेच खावं. परतल्यावर म्हणजे तासाभरात, आणि चहा-टोस्ट नव्हे: खिचडी, वरण-भाकरी, अंडी, दूध, काहीच नसेल तर भिजवलेले हरभरे. पन्नास ग्रॅम फुटाण्यांत दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, शेंगदाण्यांत थोडी जास्तच. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी खाणाऱ्या या मुलखाला डाळ आणि धान्य एकत्र खावं हे कुणी शिकवायची गरज नव्हती. ते शहाणपण घरात होतं. आपण ते गरिबाचं खाणं म्हणून बाजूला सारलं आणि त्या जागी पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा आणून ठेवला.

भरतीच्या दिवशी काय होतं ते तर सांगायलाच नको, पण सांगतो. दौड मिनिटांची असते, थांबणं दिवसाचं. पोर आदल्या रात्री जनरलच्या डब्यात उभ्याने प्रवास करतं. परक्या शहरात फुटपाथवर पिशवी डोक्याखाली घेऊन पडतं. रात्री तीनला रांगेत लागतं. कागदपत्रं, उंची, छाती, पुन्हा रांग. जागा सोडली तर नंबर जाईल म्हणून पाणी नाही, लघवी लागेल म्हणूनही पाणी नाही. ऊन चढतं, आणि मग कधीतरी शिट्टी वाजते. 2024 च्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या पोलीस भरतीचे उमेदवार पावसात फुटपाथवर झोपल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. त्याआधी दहा वर्षं, जून 2014 मध्ये, मुंबईच्या भरतीत पाच किलोमीटरच्या दौडीने चार तरुण दगावले होते. तेव्हा हळहळ झाली, अंतर कमी केलं गेलं आणि आपण पुढच्या बातमीकडे वळलो.

मग झारखंड. ऑगस्ट 2024 च्या उत्तरार्धात तिथे उत्पादन शुल्क खात्याच्या शिपाईपदाची शारीरिक चाचणी सुरू झाली. पुरुषांना एका तासात दहा किलोमीटर, महिलांना चाळीस मिनिटांत पाच. उकाड्यात, घामट हवेत. काही दिवसांत दहाहून अधिक उमेदवार मेले. मुख्यमंत्री हेमंत सोरेन यांनी चाचणी थांबवली आणि सूचना दिल्या: सकाळी नऊनंतर दौड नको, केंद्रावर नाश्ता आणि फळं ठेवा, रिकाम्या पोटी कुणाला धावू देऊ नका. वाचताना मला रागापेक्षा लाज वाटली. धावणाऱ्याला आधी खायला द्यावं, एवढं कळायला एका राज्याला दहा-बारा चिता लागल्या. मरणाची कारणं वैद्यकीय असतील, वेगवेगळी असतील, त्यांवर राजकारणही झालं. पण फळांची टोपली ही सूचना मेल्यानंतर का निघाली, या प्रश्नाला पक्ष नसतो.

आता पाण्याकडे येतो. इथे मला स्वतःलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहायचं आहे.

मी नोकरीच्या पहिल्या वर्षांत खेळाचा तास घेत असे. उन्हात पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावायच्या आणि मध्ये कुणी नळाकडे वळलं की ओरडायचं, "आधी राउंड पूर्ण कर." एक पोर बसलं तसं उठलंच नाही. तोंडावर पाणी मारलं, सावलीत नेलं, शुद्धीवर आलं, वाचलं. घरी जाऊन त्याने काही सांगितलं नाही, त्याला वाटलं चूक त्याचीच. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. हे लिहायला मला तीस वर्षं लागली.

पाणी अडवून माणसाला शिस्त लावायची आपली खोड फार जुनी. जोतीराव फुल्यांनी 1868 साली घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तेव्हा शेजारपाजार खवळला. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर ओंजळभर पाणी प्यायले, तेवढ्यावरून डोकी फुटली. ज्या समाजात पाणी पिणं ही लायकीची परीक्षा होती, त्या समाजाच्या मैदानावर तहान हा दुबळेपणा ठरला तर नवल काय? उस्ताद म्हणतो, "पाणी मागतो तो फौजेत काय टिकणार?" सगळे हसतात. जो मागणार होता तो गप्प बसतो.

आपण एकटेच मूर्ख होतो असंही नाही. 1904 च्या सेंट लुइस ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉनच्या संयोजकांना पाहायचं होतं की माणूस तहानेने कसा धावतो, म्हणून त्यांनी वाटेत पाणी मुद्दाम कमी ठेवलं. भर उन्हात, धुळीच्या रस्त्यावर 32 जण सुटले, 14 जणांनी शर्यत पुरी केली. जिंकलेला थॉमस हिक्स वाटेत पाणी मागत होता. त्याच्या माणसांनी पाण्याऐवजी त्याला स्ट्रिकनीन हे विष उत्तेजक म्हणून अंड्याच्या पांढऱ्या भागातून पाजलं, वर ब्रँडी दिली. शेवटी त्याला जवळजवळ उचलूनच आणावं लागलं. त्याच शर्यतीत क्यूबाचा एक गरीब टपालवाला होता, फेलिक्स कार्व्हाजाल. दीड-दोन दिवसांचा उपाशी होता, असं सांगतात. वाटेतल्या बागेत त्याने सफरचंदं तोडून खाल्ली, ती नासकी निघाली, पोटात कळा आल्या, तो रस्त्याकडेला आडवा झाला, उठला आणि तरीही चौथा आला. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या गोष्टीला जग आज वेडेपणा म्हणून हसतं. आपल्याकडे ती रोज घडते. तहान, भूक आणि मैदानावर सुई, तिन्ही. भरतीच्या उमेदवारांकडे उत्तेजक इंजेक्शनं सापडल्याच्या बातम्या आता आपल्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर जातात.

पाणी प्यायलं की पोटात खळखळतं, हे पोराचं म्हणणं अगदीच खोटं नाही. धावायच्या तोंडावर तांब्याभर पाणी घटाघटा ढोसलं तर बरगडीखाली कळ येतेच. म्हणून ते दीड-दोन तास आधी दोन ग्लास प्यायचं, लघवी होऊन जाते, आणि निघताना दोन घोट. या साध्या उपायाऐवजी आपण पाणीच बंद केलं. मे महिन्यात आमच्याकडे पारा 43-44 च्या घरात जातो. अशा दिवसांत जोरात धावणाऱ्याचा तासाला लिटरभर घाम सहज निघतो. साठ किलोच्या पोराचं सव्वा किलो वजन घामात गेलं की दोन टक्के झाले, आणि तिथून पाय जड व्हायला लागतात, नाडी चढते, टायमिंग बिघडतं. पोराला वाटतं सराव कमी पडला. ते दुसऱ्या दिवशी आणखी पळतं.

काटा असेल तर धावण्याआधी आणि नंतर वजन करावं. एक किलो घटलं असेल तर पुढच्या काही तासांत सव्वा-दीड लिटर पाणी, घोटाघोटाने. काटा नसेल तर लघवीचा रंग बघावा, गडद पिवळी म्हणजे शरीर कोरडं. तासाच्या आतल्या धावण्याला साधं पाणी पुरतं. जास्त घाम गेला तर मिठाचं ताक, लिंबू-मीठ-साखर. उलट टोकही वाईट, तेही सांगून ठेवतो. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्के जणांच्या रक्तातलं सोडियम असायला हवं त्यापेक्षा खाली गेलेलं निघालं, मुख्यतः गरजेपेक्षा जास्त पाणी पिऊन. तहान लागेल तसं प्यावं. पण त्यासाठी तहान लागल्यावर पाणी जवळ हवं.

मीठ-साखर-पाण्याची किंमत आपल्या देशाएवढी कुणाला ठाऊक असावी? 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाइनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर, सोडा पाण्यात मिसळून पिंपांतून पाजायला सांगितलं, पाजणारे बहुतेक नातेवाईकच होते. तीस टक्क्यांवर गेलेला मृत्यूदर चार टक्क्यांच्या खाली आला. त्यांना पद्मविभूषण मिळालं 2023 मध्ये, मरणोत्तर. त्याच देशात रंगीत गोड सरबतांच्या खोक्यांवर ओआरएस ही अक्षरं छापून वर्षानुवर्षं विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष कित्येक वर्षं लढल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ती अक्षरं काढायला लावली. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दोन रुपयेही लागत नाहीत. म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात होत नाही.

मुलींबद्दल बोलताना मात्र माझी लेखणी अडखळते, कारण रस्त्यावर त्या दिसतातच मोजक्या. अंधार, ट्रक, टवाळ पोरं. ज्या येतात त्या आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडतात. मैदानाजवळ मुतारी नाही, असली तर कुलूप आहे. पोरगा झाडामागे जाऊन येतो, पोरीने काय करायचं? ती तहानेलाच पाळीव करते. घरी ताट वाढताना दूध भावाच्या पेल्यात जातं, "त्याला भरती मारायची आहे." भरती तिलाही मारायची असते. ती सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के रक्तक्षयाने ग्रासलेल्या निघाल्या, पुरुषांत हे प्रमाण 25 टक्के. एकाच चुलीवरचं जेवण, मग हा फरक आला कुठून? हा आकडा रोगाचा नाही, वाढपाचा आहे.

आणि एक गोष्ट, जी कुणी उच्चारत नाही. पोटाला कमी आणि धावणं जास्त असं महिनोन्महिने चाललं की मुलीची पाळी अनियमित होते, थांबते. हाडं ठिसूळ होऊ लागतात, नडगीला बारीक चिरा जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला रीतसर नाव देऊन जगभरच्या प्रशिक्षकांना सावध केलं. ते मुलग्यांनाही होतं, फक्त त्यांच्यात अशी उघड खूण नसते. आमच्याकडे पाळी थांबली की मुलीला बरंच वाटतं, कटकट गेली म्हणून. आईला ती सांगत नाही, सरांना सांगायचा प्रश्नच नाही. नडगी दुखते म्हटलं की सर म्हणतात, तेल लाव.

अंड्याचं काय? मध्य प्रदेशात 2015 मध्ये अंगणवाडीत अंडं द्यायचा प्रस्ताव आला आणि सरकारने तो धुडकावला. महाराष्ट्राने नोव्हेंबर 2023 मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं सुरू केलं, आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी बंद केला. ज्याला अंडं खायचं नाही त्याच्यावर सक्ती करावी असं मी म्हणत नाही, मी स्वतः माळकरी घरात वाढलो. पण माझ्या ताटातला नियम मी दुसऱ्याच्या पोराच्या हाडांवर लादला तर त्याला धर्म म्हणू नये. सोवळं माझं, अशक्तपणा त्याचा, हा कसला हिशेब?

केळ्याचा विषय निघालाच आहे. बुऱ्हाणपूर हा केळीचा जिल्हा. 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजनेत आमच्या वाट्याला केळंच आलं. मध्यम आकाराच्या एका केळ्यात शंभरेक कॅलरी, पंचवीस-सत्तावीस ग्रॅम कर्बोदकं, चारशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम. साल निसर्गानेच बांधून दिलेली, हात धुवायचीही गरज नाही. जगभरच्या मॅरेथॉनमध्ये धावपटूंच्या हातात हेच फळ देतात. आणि इथे, जिथे बाजारात भाव पडला की फणीच्या फणी जनावरांपुढे टाकतात, तिथला धावणारा पोरगा केळं खात नाही. विचारलं तर आई म्हणते, "सकाळी सकाळी केळं? सर्दी होईल त्याला." मालकाच्या बागेतलं न विचारता खाल्लं तर चोरी होते, तेही आहे. घड वाहून खांदा काळा पडलेल्या पोराला मालकाने कधी हाक मारून सांगितलंय का, की जाताना दोन फण्या घरी घेऊन जा?

तोच पोरगा मित्राकडून उसने घेऊन शहरातून पावडरीचा डबा आणतो. दोन हजार, तीन हजार. डब्यावर बैलासारखे दंड असलेला गोरा माणूस. आत काय आहे, खरं आहे की भेसळ, कुणी तपासलेलं नाही. पैसे घेणाऱ्याने एवढंच सांगितलं, "रोज दोन चमचे." तेवढ्या पैशांत घरात महिनाभर डाळ, शेंगदाणे, गूळ, दूध आलं असतं आणि ते बहिणीच्याही पोटात गेलं असतं. भूक पिकवणारे आपण, आणि तिच्यावर औषध विकणारेही आपणच.

मला कुणी सांगू नये की चालत्या-धावत्या माणसाला खाऊ घालणं आपल्याला येत नाही. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर मुक्ताईनगर. तिथून आदिशक्ती मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते, साधारण महिनाभर चालते. वाटेत गावोगावी लोक तिची वाट बघत असतात. कुठे पिठलं-भाकरी, कुठे केळी, कुठे ताकाचे हंडे, कुणी पाय चेपून देतं. उत्तरेला नर्मदा. ओंकारेश्वरच्या बाजूने परकम्मावासी आला, "नर्मदे हर" म्हणाला की फाटक्या झोपडीतली बाईही त्याच्यापुढे सदावर्त मांडते. शिधा देते, पाणी देते, झोपायला ओटा देते. कुणी विचारत नाही, तू जिंकणार का? चालतोय ना, मग जेव. हे औदार्य खोटं नाही, मी त्या पंगतींत वाढप केलं आहे. फक्त देवाच्या वाटेवर चालणाऱ्याला जे मिळतं ते पोटाच्या वाटेवर धावणाऱ्याला मिळत नाही. पहिल्याला घास दिला तर पुण्य लागतं, दुसऱ्याला दिला तर काय मिळणार? असा हिशेब आपण मनात करतो आणि मग त्याच पोराच्या सत्काराला पहिल्या रांगेत बसतो.

बुऱ्हाणपूरला कुंडी भंडारा आहे. 1615 च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, जमिनीखालून सातपुड्याचं झिरपतं पाणी शंभरावर कुंड्यांमधून वाहतं करून शहरापर्यंत आणलं. ना मोटार, ना वीज, नुसता उतार. आणि 22 जुलै 2022 ला आमचा जिल्हा 'हर घर जल' म्हणून प्रमाणित झालेला देशातला पहिला जिल्हा ठरला. 254 गावांच्या ग्रामसभांनी ठराव करून सांगितलं की घराघरात नळाचं पाणी आलं. मला त्याचा अभिमान आहे, उपरोध नाही. ज्यांच्या आया डोक्यावरून हंडे वाहायच्या त्यांना विचारा.

म्हणून मागच्या उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर मी विषय काढला. पोरं जिथून धावायला सुरुवात करतात तिथे दोन रांजण ठेवू, गारव्याला खाली वाळू. शेजारी एका टोपलीत केळी, रोज एका बागवाल्याच्या नावाने पाळी. मुलींसाठी जवळच्या घरांपैकी कुणीतरी पहाटे अंगणाचं दार उघडं ठेवावं, म्हणजे मोरीची सोय होईल. खर्च म्हणजे जवळपास काहीच नाही. चारपाच जाणती माणसं बसली होती, सगळे ओळखीचे, सगळे भले. एकाने बशीतला चहा फुंकत म्हटलं, "रांजण ठेवले तर कोण भरणार, कोण राखणार गुरुजी? आणि पोरांना कशाला सवयी लावता? घरून पिऊन येतील की."

दुसऱ्याने मान डोलावली. "आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं?"

तेवढ्यात बसस्टँडकडून एक जण आला. त्याच्या पुतण्याची भरतीची तारीख लागली होती. सगळे उठले, त्याला पाठ थोपटून म्हणाले, निवडून आला की जोरात सत्कार करू, बँड लावू. वर्गणीची वही तिथेच निघाली. पहिला आकडा पाचशेचा पडला.